पायाच्या मापाचा खड्डा

आमच्या ऑफिसात एक खड्डा आहे. नव्या माणसाला आम्ही संगणकाच्या आधी तो दाखवतो, नाहीतर तो त्यात पडतो. आजवर चार जण पडले. त्यातले एक बँकेचे अधिकारी होते आणि आमच्याच कामाची पाहणी करायला आले होते.

ऑफिस अशोक चौकामागच्या एका गल्लीत आहे. पूर्वी तिथे हातमागाची शेड होती. जमिनीत मागांचे सहा खड्डे होते, कारण विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून मागाच्या खालच्या पट्ट्या दाबतो. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्याला, ही सोलापूरची शाखा. टॉवेल कारखाने, दुकानं, बाजार यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. त्याला खड्डे लागत नाहीत. जागा घेतली तेव्हा घरमालकानं गवंडी लावून पाच खड्डे बुजवले. सहाव्यात आमचे सर पाय सोडून बसले आणि उठेनात.

"उठा की सर, माल घट्ट व्हायलाय," गवंडी म्हणाला.

"हा ऱ्हाऊ दे. माझं टेबल हाय हे."

आम्हाला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सरांनी घरून एक सागवानी फळी आणली, खड्ड्याच्या कडेवर आडवी टाकली, तिच्यावर संगणक मांडला आणि पुढची सगळी वर्षं तिथेच बसून काम केलं. खड्डा कुणा उंच विणकराचा असावा. सरांचे पाय तळाला टेकत नव्हते, म्हणून त्यांनी खाली दोन विटा ठेवल्या.

सर तेलुगू विणकर घरातले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर माग चालवला. सर आमच्या शाखेतले सगळ्यांत जुने प्रोग्रामर, पण बोलायला लागले की निम्मं बोलणं मागाचं असायचं. मला ते अक्का म्हणायचे, मी त्यांच्यापेक्षा लहान असून. "अक्का," ते म्हणायचे, "माग सगळ्यांचे सारखे असतेत. खड्डा मात्र ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाचा. दुसऱ्याच्या खड्ड्यात बसलं की संध्याकाळी कंबर गेलीच."

हे त्यांनी मागापुरतं ठेवलं असतं तर त्यांच्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण त्यांनी ते आमच्या धंद्याला लावलं.

आमचा धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. संगणकाला काम सांगायच्या भाषा पुष्कळ आहेत, आणि बहुतेक काम बहुतेक भाषांत करता येतं. काही भाषा कडक असतात. कुठल्या डब्यात काय ठेवणार ते आधी सांगा, मगच ठेवू देतात. काही सैल असतात. ठेवा, पुढचं पुढे बघू, म्हणतात. माहिती साठवण्याच्या डेटाबेसचंही तसंच आहे. एकात रेघा मारलेले तक्ते असतात आणि प्रत्येक गोष्ट आपल्या रकान्यातच बसावी लागते. दुसऱ्यात प्रत्येक गोष्टीचं आपलं गाठोडं असतं आणि कुठल्या गाठोड्यात काय बांधायचं याला बंधन नसतं. लोक यातून निवड कशी करतात? साहेब म्हणेल ते, किंवा ज्यात नोकऱ्या निघतात ते. सरांचं म्हणणं होतं की माणसानं आपला स्वभाव बघून निवडावं. आणि स्वभाव बघायचा तर माणसाचं स्वयंपाकघर बघावं.

एका रविवारी ते आमच्याकडे न सांगता आले. सासरे पलंगावर झोपून होते, ते तेव्हाच अंथरुणाला खिळले होते. नवरा पेपर वाचत होता. मी चहा टाकायला उठले तर सर म्हणाले, चहा नको, डबे दाखवा. नवऱ्यानं पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात. आत काय आहे आणि कधी भरलं ते त्यावर लिहिलेलं असतं. सरांनी प्रत्येक झाकण उघडून चिठ्ठी आणि आतला माल ताडून पाहिला. मग विचारलं, तूरडाळ आणि हरभराडाळ शेजारी का नाहीत? मी सांगितलं की लांबून दोन्ही सारख्या दिसतात, घाईत चुकीचा डबा हातात येतो, म्हणून मध्ये तांदूळ ठेवलाय. सरांनी तांदळाचा डबा परत जागेवर ठेवला.

"अक्का, मग तुमी जावास्क्रिप्टमधी काय करालाव? जीव गुदमरत न्हाय का?"

गुदमरत होता. मी बी.कॉम. झालेली, हिशेबातून या कामात आलेली. मला मिळालेली जावास्क्रिप्ट ही सैल भाषा. आकड्याच्या जागी चुकून नाव दिलं तरी ती बरेचदा निमूट घेते आणि पुढे जाते. मला ते सोसत नव्हतं. एका ओळीच्या कामापुढे मी तपासणीच्या आठ ओळी लिहायचे. ऑफिसात म्हणायचे, अक्कांच्या प्रोग्राममध्ये खोल्यांपेक्षा वॉचमन जास्त. माझं काम वेळेवर होत नव्हतं आणि मला वाटत होतं की हा धंदाच आपल्या आवाक्यातला नाही.

सोमवारी सरांनी माझ्या हातात जावा दिली. नाव सारखं, पण ही कडक भाषा. तिच्यासोबत तक्त्यांचा डेटाबेस, पोस्टग्रेस. पहिल्या आठवड्यात जावानं माझा प्रोग्राम कितीदा तरी परत केला. इथे आकडा म्हणाला होतात, हा काय? हे कधीच भरलं नाही, चालेल का? मला राग येईना. घरात माझ्यासारखंच आणखी कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या महिन्यात मी ठरलेल्या दिवसाच्या आधी काम दिलं. असं पहिल्यांदाच झालं होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत महानंदा बसायची. वळसंगची. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि हसणं दोन्ही भाषांत मोठ्यानं. तिच्याकडे उलटी गत होती. तिच्या वाट्याला जावा आलेली आणि ती रोज तिच्याशी भांडायची. "आधीच सगळं ठरलेलं असंल तर मला कशाला ठेवलंय?" असं ती संगणकाला विचारायची. सर तिच्याही घरी गेले. तिथे गूळ चहाच्या डब्यात होता, चहा दूध पावडरच्या डब्यात, आणि चिठ्ठी कशालाच नव्हती. सरांनी वेलदोडा मागितला. महानंदानं मान न वळवता हात मागे नेला आणि देवाच्या फोटोमागून पुडी काढून दिली. सरांनी जायफळ मागितलं, तेही तसंच मिळालं. तिला त्यांनी पायथन ही सैल भाषा दिली आणि गाठोड्यांचा डेटाबेस. तेव्हापासून ती संगणकाशी भांडायची थांबली आणि आमच्याशी भांडायला लागली.

सरांचं दर वेळी बरोबर आलं असं नाही. जुळे सोलापूर भागातल्या एका नव्या प्रोग्रामरचं घर त्यांनी पाहिलं. भांडी आरशासारखी, डबे उंचीप्रमाणे. सरांनी खूश होऊन त्याला कडकातली कडक भाषा दिली. चार महिने तो बिचारा रखडला. मग कळलं की घर त्याची आई आवरते. सरांनी चूक मान्य केली आणि नियम बदलला. जो स्वतः स्वयंपाकघर लावत नाही त्याच्या गाडीची डिकी बघायची. त्या मुलाच्या डिकीत दोन हेल्मेट, अर्धा नारळ आणि लग्नाची जुनी पत्रिका निघाली.

स्वतःसाठी सरांनी सी ही जुनी भाषा ठेवली होती. तिच्यात संगणकाकडून जागा स्वतः मागून घ्यायची आणि काम झालं की स्वतः परत करायची, मध्ये कुणी नाही. सरांना मध्ये कुणी चालायचं नाही. भाजीवालीला ते पिशवीत वांगी टाकू द्यायचे नाहीत, एकेक स्वतः उचलायचे. शेजारून आणलेली वाटी त्याच दिवशी परत करायचे, आणि रिकामी कधी द्यायचे नाहीत. डेटाबेस म्हणाल तर सगळा एकाच फाईलीत मावणारा. मुलीच्या साखरपुड्याला हैदराबादला गेले ते एक कापडी पिशवी घेऊन, आणि आले तेही तीच घेऊन.

एक अट मात्र सगळ्यांना होती. शनिवारी दुपारी खुर्च्या खड्ड्याभोवती घ्यायच्या आणि एकमेकांचे प्रोग्राम मोठ्यानं वाचायचे. मला महानंदाचं वाचावं लागे, तिला माझं. "लिवायचं आपल्या भाषेत, वाचायचं सगळ्यांच्या," सर म्हणायचे. पहिले काही शनिवार माझं डोकं दुखलं. नंतर तिचं लिहिणं मला कळायला लागलं, जसं शेजारचं कन्नड कळायला लागतं.

मग पुण्याहून हुकूम आला. सगळ्या शाखांनी एकच भाषा वापरायची आणि एकच डेटाबेस. भाषा जावा, डेटाबेस तक्त्यांचा. जी शाखा यात बसणार नाही ती पुण्यात विलीन होईल.

मला तो हुकूम सोयीचाच होता. माझी भाषा, माझा डेटाबेस. पण त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या सोयीचं नव्हतं. शाखा विलीन झाली तर पुण्याला जायचं किंवा घरी बसायचं. सासऱ्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायला दोन माणसं लागत होती, त्यातली एक मी. म्हणजे घरीच बसायचं. जे काम शेवटी माझ्या हाताला लागलं होतं, ते जाणार होतं.

पुण्याचे मॅनेजर व्हिडिओवर बोलले. माणूस सरळ होता, त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. उद्या तुमची एक बाई रजेवर गेली तर तिचं काम दुसऱ्यानं कसं उचलायचं? प्रत्येकाची भाषा वेगळी असेल तर कंपनी चालायची कशी?

सर खड्ड्यात बसूनच बोलले, त्यामुळे पडद्यावर त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

"सर, आमच्या गल्लीत आई तेलुगूत रागावती. भाजीवाली कन्नडमधी भाव सांगती. रिक्षावाला दखनीत भांडतो, आणि मी तुमच्याशी मराठीत बोलालोय. कुणाची भाजी न्हाय आली आजवर? सोलापुरात एकच भाषा ठेवा म्हणलं तर सकाळी दूध पण यायचं न्हाय."

मॅनेजर हसले, पण हुकूम मागे घेतला नाही. त्यांनी एक संधी दिली. सांगोल्याच्या डाळिंब बाजारातल्या एका मोठ्या अडतदाराचं काम हातात होतं. माल येतो तिथपासून शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात देईपर्यंत सगळं. तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा, पुण्याची टीम आमच्या पद्धतीनं करेल. एकाच दिवशी दोन्ही चालवून बघू. तुमचं चाललं तर तुमची पद्धत राहील. नाही चाललं तर पुणे.

सरांनी कामाचे दोन तुकडे केले. बाजारात येणारा माल टिपायचा तो महानंदानं, पट्ट्या काढायच्या त्या मी. मध्ये एक दार, म्हणजे माहिती इकडून तिकडे सोडणारा छोटा प्रोग्राम, ते सरांचं. महानंदाकडून आलेलं त्या दारातून माझ्याकडे यायचं, दुसरीकडून नाही. मी म्हटलं, सर, टिपतानाच सगळं नीट टिपलं तर माझं काम निम्मं होईल. ते म्हणाले, आधी बाजार बघून या.

आम्ही दोघी सांगोल्याला गेलो आणि मी घाबरून परत आले. एका टेम्पोत तीन-चार शेतकऱ्यांची कॅरेटं असतात. शेतकरी बरोबर येत नाही. ड्रायव्हरला त्यांची पूर्ण नावंही ठाऊक नसतात. ओळख एकच. प्रत्येक घर आपल्या कॅरेटांना आपली चिंधी बांधतं. लाल चिंधी थोरल्याची, पिवळी पलीकडच्या मळ्याची. लिलाव चिंधीवर होतो, आणि कुणाची किती कॅरेटं ते शेतकरी नंतर फोनवर सांगतो. मी विचारलं, नाव नसताना नोंद करायची कशी? महानंदा म्हणाली, "चिंधी लिवायची की. नाव येईल तवा येईल." तिला त्यात काही अडचणच दिसत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मॅनेजर स्वतः सांगोल्याला आले. एका टेबलावर पुण्याचं, दुसऱ्यावर आमचं. पहिला टेम्पो आला. पुण्याच्या प्रोग्रामनं शेतकऱ्याचं नाव विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, धाकला. प्रोग्रामनं आडनाव मागितलं, गाव मागितलं, मोबाईल मागितला, आणि ते मिळेपर्यंत पुढचा रकाना उघडेना. मागे टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत गेली, हॉर्न सुरू झाले. शेवटी पुण्याच्या टीमनं लॅपटॉप मिटला. मला हसू आलं नाही. मी एकटीनं लिहिलं असतं तर नेमकं तेच लिहिलं असतं.

महानंदाचं मात्र वाहत होतं. लाल चिंधी, हिरवी चिंधी, एका कॅरेटावर निळी दोरी, एकाला काहीच नाही, "बिनचिंधीचं, टेम्पोच्या मागच्या बाजूचं". जे आलं ते तिच्या गाठोड्यात गेलं. लिलाव संपला. नावं आणि आकडे फोनवर आले. दारातून सगळं माझ्याकडे यायला लागलं आणि पट्ट्या निघायला लागल्या.

आणि एका पट्टीशी माझा प्रोग्राम थांबला.

त्या टेम्पोत एकाच घरातून वेगळ्या झालेल्या भावांचा माल होता. ड्रायव्हरनं सांगितलं होतं, लाल थोरल्याची, हिरवी धाकल्याची. धाकट्यानं फोनवर तीस कॅरेटं सांगितली होती. हिरव्या चिंधीची विकली गेली होती पन्नास. माझ्या प्रोग्रामनं लाल अक्षरात लिहिलं की आकडे जुळत नाहीत, पट्टी निघणार नाही.

"थांबलं," मॅनेजर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण निकाल होता. समोर खिडकीशी शेतकऱ्यांची माणसं उभी होती. अडतदारानं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, वीस कॅरेटांचं काय एवढं, द्या धाकल्याच्या नावानं, रेटा पुढं.

माझ्या प्रोग्रामला पुढे रेटणं ठाऊक नव्हतं. तसं बटणच मी ठेवलं नव्हतं.

सर एका उलट्या कॅरेटावर बसून पेरू खात होते. "थांबलं न्हाय सर," ते मॅनेजरला म्हणाले. "अक्का थांबल्या. त्या थांबल्या म्हंजे कायतरी हाय. दोन मिंटं द्या."

तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी फोन आत दिला. मधला भाऊ बोलत होता. माझी वीस कॅरेटं गेलीत, माझी पट्टी कुठं? ड्रायव्हर गोंधळला. मधल्याच्या मळ्यात माल चढवताना तो चहाला गेला होता आणि मजुरांनी परस्पर भरला होता. त्यानं घरी फोन लावला, मोठ्या आवाजात बोलला, मग कपाळावर हात मारून आमच्याकडे वळला.

"दोगी जावांनी एकच लुगडं फाडलंय वो. हिरवं. धाकलीनं मदलं घेतलं, मदलीनं काठ."

महानंदा उठून व्यापाऱ्याच्या थप्पीकडे पळाली. कॅरेटं अजून रिकामी झाली नव्हती. नुसती हिरवी चिंधी बांधलेली तीस होती. जरीच्या काठाची वीस. काठाचं फळ मोठं होतं आणि वरच्या भावानं गेलं होतं, ते महानंदानं लिलावातच टिपून ठेवलं होतं. तिनं टेबलाशी येऊन 'हिरवी'च्या पुढं 'काठाची' एवढंच लिहिलं. तिच्या गाठोड्यात ते लगेच मावलं. दारातून माझ्याकडे आलं, तीस आणि वीस जुळले, आणि दोन पट्ट्या एकामागोमाग बाहेर पडल्या. रेटलं असतं तर मधल्याच्या चांगल्या मालाचे पैसे धाकट्याच्या घरात गेले असते आणि दोन भावांत जन्माचं वितुष्ट आलं असतं. ड्रायव्हर पट्ट्या घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "आता दोगींना दोन लुगडी घ्या म्हणतो." खिडकीशी हशा पिकला.

अडतदारानं मॅनेजरना बाजूला नेलं नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. मला हेच पाहिजे. येईल तसं घेणारं, आणि जुळल्याबिगर न सोडणारं.

मॅनेजरनी महानंदाच्या आणि माझ्या पडद्याकडे आळीपाळीनं बघितलं. माणूस खरंच सरळ होता. त्यांनी विचारलं, "सर, माझ्या घरचे डबे बघायला कधी येताय?"

"पुण्यापतुर कशाला, डिकी उघडा की," सर म्हणाले.

मॅनेजरनी गाडीची डिकी उघडली. आत एक घडी घातलेली छत्री, पाण्याची बाटली आणि हवा भरलेलं जादा चाक होतं. बाकी काही नाही. सरांनी वाकून नीट पाहिलं.

"तुमी मॅनेजरच ऱ्हावा."

शाखा राहिली. परतताना जीपमध्ये महानंदा कन्नड गाणी म्हणत होती आणि मी, मी कधी न गाणारी, टाळ्या वाजवत होते. आज शाखेत आम्ही तेव्हाच्या दुपटीनं आहोत. पुण्याहून तिघं जण इथे बदली मागून आले. त्यांच्या डिक्या आणि डबे महानंदा आणि मी बघितले. शनिवारचं वाचन चालू आहे. मॅनेजरही व्हिडिओवर येऊन बसतात, आणि त्यांना आता पायथन बऱ्यापैकी वाचता येतं.

सर निवृत्त होऊन हैदराबादला मुलीकडे गेले, अर्थात एक पिशवी घेऊन. घरमालकानं लगेच विचारलं, आता तरी खड्डा बुजवायचा का? आम्ही नको म्हणालो. पुष्कळ दिवस तो फळी टाकून झाकलेला होता. गेल्या महिन्यात खुर्चीनं माझी कंबर धरली, तेव्हा मी फळी सरकवली, पाय खाली सोडले आणि बसून पाहिलं. सरांच्या विटांवर माझे पाय टेकेनात. मागच्या अंगणातून एक वीट आणून वर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. कंबर दुखली नाही.

रात्री सरांना फोन केला आणि सांगितलं की तुमच्या खड्ड्यात बसले होते. त्यांनी विचारलं, "विटा किती?"

"तीन," मी म्हटलं.

"मग माझा कुटं ऱ्हायला? तुमचाच झाला की अक्का. बसा."